गुडघ्याला बाशिंग

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
ही म्हण माझ्यावर अशी उलटली:
लग्न नाही, वरात नाही,
आणि मांडीपासून पोटरीपर्यंत
काळं बाशिंग, चार पट्टे, दोन सळ्या.
आई म्हणाली, "निदान एवढं तरी बांधलंस."

नायगावच्या मैदानात, दिव्यांखाली,
बोनस रेषेपलीकडे पाय टाकून वळले
आणि आत काडेपेटीची काडी मोडली.
एवढाच आवाज.
पडल्यावरही दम तोंडात चालूच,
कबड्डी, कबड्डी,
शिट्टी वाजेपर्यंत.

परळला, दुसऱ्या मजल्यावर, ग्लेंडा मिस्किटा.
उत्तनची. हात थंड, बोलणं त्याहून.
कंपासपेटीतला कोनमापक मोठा होऊन
तिच्या खिशात राहायला आलेला.
पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस अंश.
भूमितीत दोनदा नापास झालेली मी
आता एकेका अंशासाठी रडते.
"गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. दाब. दहा मोज. सोड."
मी मोजत नव्हते, श्वास कोंडून
मनातल्या मनात चढाई करत होते.
तिनं ओळखलं.
"श्वास सोड गं. इथे तुला पकडायला कुणी उभं नाहीये."

करी रोडला घर तिसऱ्या मजल्यावर.
बावन्न पायऱ्या.
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा आधी,
कठड्याला हात.
ब्याऐंशी वर्षांचे मोने आजोबा काठी टेकत
मला ओलांडून जातात
आणि वळणावर थांबून हसतात, मेले.

बर्फ शोभनाताईच्या मासळीच्या पेटीतला.
महिनाभर गुडघ्याला बोंबलाचा वास
आणि चाळीतलं बोकं
माझ्या उशाशी नाही, गुडघ्याशी.

अक्कल गुडघ्यात असते म्हणतात.
माझी तिथूनही ऑपरेशनात काढून टाकली असावी.
तिसऱ्या महिन्यात, गच्चीवर, टाकीच्या आडोशाला,
कुणी नाही बघून
एक उडी मारली.
काही झालं नाही, म्हणून दुसरी.
सकाळी गुडघा भिजवलेल्या कणकेएवढा.

ग्लेंडा ओरडली नाही, तेच जास्त लागलं.
वहीत लिहिलं: दोन आठवडे मागे.
मग पेनाचं टोपण लावत म्हणाली,
"स्नायू थकून दुखला, चालेल.
टोचलं, सुजलं, लटपटलं, थांबायचं.
आणि आजच्या गुडघ्यावर विश्वास ठेवू नकोस,
तो खुशामत करतो.
खरं बोलतो तो दुसऱ्या दिवशीचा."

माझ्या जागी आता जुईली. एकोणीस वर्षांची.
तिच्या चढाया मी मोबाइलवर बघते,
आवाज बंद करून.
ती वळते तेव्हा माझी मांडी आवळते.
एकदा ती घसरली,
आणि मला क्षणभर बरं वाटलं.
हे ग्लेंडाला सांगितलं नाही.
ते कुठल्याच अंशात मोजता येत नाही.

दहाव्या महिन्यात एका पायावर उडी, जमिनीवर टेप.
डावा एकशे बारा, उजवा एकशे चार.
आठ सेंटिमीटरचं भांडण उरलं दोघांत.
"चालेल," ग्लेंडा म्हणाली, "सरावाला. सामन्याला नाही.
आणि पहिल्या दिवशी कुणी तुला धरायचं नाही."

म्हणून आज मॅटवर सात जणी
हात पाठीमागे बांधून उभ्या,
जुईली कोपऱ्यात, हसू दाबत.
दम घेतला.
बोनस रेषेपाशी उजवा पाय आपोआप थबकला.
त्याला आठवत होतं.
मी ढकललं नाही त्याला.
डाव्यावर भार घेतला, बैलगाडी वळावी तशी वळले,
आणि दम न सोडता
मध्यरेषेपर्यंत चालत आले.
चालतच.
जुईलीनं टाळी वाजवली; एकच, मग तीच ओशाळली.

बाशिंग सोडलं. खाली घामाचे चार पट्टे.
कसा आहे, सगळ्यांनी विचारलं.

उद्या सांगते, म्हटलं.
उद्या सकाळी, पलंगाच्या कडेला बसून,
आधी त्याला विचारते.