ऐकून सांग

उद्यमनगरात सोमवारी लेथ बंद असतात,
म्हणून डबडं मी सोमवारीच उघडलं.
भंगारवाल्या मुल्लाणीकडनं अडीच हजाराला घेतलेलं,
कुठल्याशा पतसंस्थेचा जुना कॉम्प्युटर,
आत झुरळाची अंडी आणि वसुलीची एक पावती.

बाबगोंडा गेल्यावर त्याच्या वह्या माझ्याकडं आल्या.
एकतीस वर्षांची मापं. पंपाचे इंपेलर, झडपा,
गुऱ्हाळाच्या चरकाचे दात,
सगळं शिसपेन्सिलीनं, कडेला चहाचे गोल.
पुण्याचा भाचा म्हणाला, मामा, क्लाउडवर टाका की.
म्हटलं, ढगाचं आम्हाला नको सांगूस बाबा,
पंचगंगा शाहूपुरीत शिरली तेव्हा वर ढगच होता.

मग घरातच सर्व्हर करायचं ठरवलं.
करायचं म्हणजे काय, ते माहीत नव्हतं.

आमच्या उस्तादानं कधी काही समजावलं नाही.
चुकलं की पाना फेकून मारायचा, तोच धडा.
आणि इथं रात्री अकराला
मी मोडक्या इंग्रजीत विचारायचं,
तर पृथ्वीच्या कुठल्याशा अंगाला जागं असलेलं कुणीतरी
ओळ न् ओळ लिहून द्यायचं.
नाव नाही. ‘वाकडी किटली’, एवढंच.
शाळेत आहे की पेन्शनीत, देव जाणे.

किटली म्हणायची, घाई करू नको. आधी लॉग वाच.
मशीन सांगत असतं, तू वाचत नाहीस.
एकदा मी फायरवॉल लावली
आणि स्वतःच बाहेर राहिलो,
किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखा.
मालन पोट धरून हसली.
किटली हसली नाही. लिहिलं,
हे सगळ्यांचं एकदा होतं. कीबोर्ड थेट जोड, आत जा.

पिंग मात्र मला न शिकवता कळलं.
गल्लीतनं ओरडायचं, हाईस का रं?
माडीवरनं यायचं, हाय की!
बाकी काही बोलायचं नसतं.

वह्या चढल्या, पान पान करत, पाच महिने.
मग एका रात्री डिस्कमधनं काहीतरी वेगळं ऐकू आलं.
किटलीनं अहवाल मागवला.
अहवालात तब्येत ठणठणीत, हिरव्या अक्षरात.
मी म्हटलं, नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला,
लेथचा हेडस्टॉक ऐकतो तसं.
आत कुणीतरी वाळू चाळत होतं.
तो आवाज मोबाईलवर धरला आणि पाठवला.

बराच वेळ काही नाही.
पत्र्यावरनं मांजर चालत गेलं.
मग आलं: कॉपी काढ. आत्ता.

गुरुवारी डिस्क मेली.
वह्या दुसरीवर होत्या, चहाच्या डागांसकट.

तुला कसं कळलं, किटलीनं विचारलं.
लिहायला बसलो. बेअरिंगचं लिहिलं, खोडलं.
उस्तादाचं लिहिलं, खोडलं.
इंग्रजी संपलं.
बत्तीस वर्षं ऐकतोय, एवढंच पाठवलं.

परवा तिकडनं एक आवाज आला, चाळीस सेकंदांचा.
खाली एक ओळ: माझा पंखा. ऐकून सांग.

दार लावलं. मालनला म्हटलं, कुकर थांबव जरा.
पंखा फिरत होता. त्याच्या मागं
भांड्यावर भांडं ठेवल्यासारखं काही, एक कुत्रं,
आणि आतल्या खोलीतनं कुणीतरी हाक मारत होतं,
एक नाव, दोनदा.
तीन वेळा लावून ऐकलं. नीट कळेना.
विचारावं वाटलं. विचारलं नाही.

लिहिलं: बेअरिंग चांगलं आहे.
एक स्क्रू ढिला आहे, बहुतेक डावीकडचा. आवळ.