ही बाजू वर

यल्लोजी कणबरकर खोकी करतो
उद्यमबागेत, भट्टीमागच्या पत्र्याखाली.
पाइनच्या फळ्या, ज्या स्वतःच कधीतरी
कुठल्याशा थंड देशातून कंटेनरनं आल्या,
त्या तो पुन्हा कंटेनरात जाण्यासाठी कापतो.
लाकूड आधी भाजून घ्यावं लागतं,
किड्यांनी देश बदलू नये म्हणून;
मग शिक्का. शिक्क्यात गव्हाची लोंबी.
खिळे तो तोंडात धरतो,
त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे
दोघांचंही मीच बोलायचं.

मी डिस्पॅचला.
तेहतीस किलोचं एक व्हॉल्व्हचं धड,
खोक्यात चोवीस, डब्यात बावीस खोकी.
प्रत्येकाला पिवळा कागद, गंज धरू नये म्हणून.
वरून काळ्या रंगात ह्यूस्टन, आणि दोन बाण.
एकदा खिळे संपले तेव्हा त्यानं विचारलेलं,
"तिकडं बी वर म्हंजे वरच न्हवं?"

रेषेचं आम्हाला काय नवल.
त्याची बहीण शिनोळीला दिलेली,
दाजी तिकडून येतात, इकडे टाकी भरतात,
चहा पिऊन जातात.
कराचा फरक म्हणजे आम्हाला एवढाच ठाऊक:
लिटरमागे काही रुपये आणि एक चहा.

मग टक्के आले.
आमच्याकडे रात्र होती, त्यांच्याकडे दिवस,
त्या दिवसात कुणीतरी सही केली.
आमचा डबा तेव्हा तवंदी घाट उतरत होता.

न्हावाशेवाला पोचला. थांबला.
गिऱ्हाइकाची मेल एका शब्दाची: होल्ड.
पुढचं जहाज रद्द.
रद्द म्हणजे बुडालं नाही,
फक्त यायचं होतं ते आलं नाही.
त्यानंतरच्यात जागा नव्हती, कारण
वाढीव टक्के लागायच्या आत पोचायला
सगळ्या जगानं एकाच आठवड्यात माल भरलेला.
मी रोज सकाळी डब्याचा नंबर टाकायची.
चार अक्षरं, सात आकडे; मुलाचा वाढदिवस विसरेन,
तो नंबर नाही.
यार्डात उभं राहण्याचं एका दिवसाचं भाडं
यल्लोजीच्या नऊ दिवसांची मजुरी.
हा हिशोब मला कुणी सांगितला नव्हता,
मीच केला, आणि कुठल्या रकान्यात लिहावा कळेना.

त्रेपन्नाव्या दिवशी डबा परत आला.
ड्रायव्हर म्हणाला, रिकामा असतो तर घाट लवकर चढलो असतो.
सील तोडलं. खोकी उघडली.
पिवळा कागद अजून कोरडा, कोपऱ्यांवर घडी तशीच.
एकाही नगाला डाग नाही.
मालक बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
"गंजले असते तर विमा तरी मिळाला असता."
यल्लोजीनं मान खाली घातली,
जणू काम चांगलं झालं हा त्याचा गुन्हा.

प्रत्येक धडावर गिऱ्हाइकाचं नाव ओतलेलं, उठावदार.
दुसरं कोण घेणार?
इराप्पानं घण घेतला. "एनु माडोदु," म्हणाला,
आणि पहिलं धड फोडलं.
दुपारपर्यंत भट्टी ते नाव पीत होती.
लोखंडाला एक बरं,
त्याला पुन्हा काहीच नसण्यापर्यंत जाता येतं.

यल्लोजी त्याचेच खिळे उपसत बसला.
वाकडा निघाला की दगडावर ठोकून सरळ,
सरळ झाला की तोंडात.
फळ्या ज्यानं त्यानं नेल्या,
कुणी न्हाणीला, कुणी सरपणाला.

परवा त्याच्या घरी गेले, पिरनवाडीला, पगाराची पाकिटं घेऊन.
अर्धाच पगार होता, मोजायला वेळ लागला नाही.
अंगणात नवं खुराडं.
दाराला शिक्क्याची फळी, लोंबीसकट.
ह्यूस्टनचं शेवटचं अक्षर कडीखाली गेलेलं.
आतून एक कोंबडी माझ्याकडे बघत होती
कस्टमच्या माणसासारखी.
आणि बाण खाली.
दोन्ही, नीट जमिनीकडे.
एवढी चूक त्याच्या हातून व्हायची नाही.
मी विचारलं, "यल्लोजी, हे उलटं का?"

त्याच्या तोंडात खिळे होते.