चहा चार

सडक-अर्जुनीच्या अलीकडं, राइस मिलच्या ऑफिसात
हेमकृष्ण कापगतेनं लॅपटॉप ठेवला
तो नेमका वजनकाट्याच्या पावत्यांवर.
मी पावत्या ओढून घेतल्या. दिवाणजीचं काम ते.

पडद्यावर त्याचा पुण्याचा भागीदार, टाय-बिय लावून,
बोलता बोलता थिजला, तोंड उघडंच,
हॉपरमध्ये धान अडकावं तसा.

"गावोगावी एक खोली, जी. कोर्टाची तारीख, डॉक्टर, सोयरीक,
सगळं बसल्या जागी. सहा लाख लावा."

डाकरामजी लंजेंनी खिशातून धानाचा दाणा काढला,
दाढेखाली फोडला. कट्.
"ओल आहे अजून. हे सांगंल का तुयी खोली?"
मग दुसरा दाणा.
"अन् पोट्टे तं फोनवर फुकटच तोंडं पायतेत.
फुकटाले पैसे कोन देते, बावा?"

हेमकृष्णकडं आकडे होते. वर जाणारी एक रेघ होती.
डाकरामजींनी ती पाहिली,
परक्याच्या घरातलं कॅलेंडर पाहावं तशी.

नाही म्हणाले.
पोरगा वायर गुंडाळत निघाला,
ती फाटकापर्यंत सुटतच राहिली.

संध्याकाळी खर्च लिहायला बसलो.
टेबलावर कप चार. माणसं आम्ही तीन.
मग आठवलं, पोऱ्याला हाक मारताना
डाकरामजींनी बोटानं मोजलं होतं:
मी, तू, दिवाणजी,
अन् तो.

चौथ्या कपावर साय धरलेली.
कोणाच्या नावे टाकू?
विचारलं, तर काट्याकडं बघत म्हणाले,
"लिवा. पाव्हना."