रेघ

अलकापुरीत, दातांच्या डॉक्टरकडे.
आत नंबर अकरा. माझा चौदा.
भिंतीवरचा टीव्ही मुका करून ठेवलेला,
कुणी बाई बेडकाचं हृदय समजावतेय
आणि उजव्या कोपऱ्यात, वर,
पांढरी, आरपार दिसणारी, नखाएवढी
ती.

माझी रेघ.

पंच्याऐंशी साली, प्रतापगंजच्या स्टुडिओत
मी अक्षरं रंगवायचे, रोजंदारीवर.
काळं कार्ड, पोस्टर व्हाइट, दोन नंबरचा ब्रश,
आणि दर दहा मिनिटांनी दारात किरीटभाई अमीन:
"पारसनीसबेन, केटली वार?"
लिहायची होती चारच अक्षरं: भणतर.
म्हणजे शिकणं.
गुजरातीत. म्हणजे डोक्यावर काही न घेता.

गुजराती अक्षरं उघड्या डोक्यानं हिंडतात.
दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्या हाताला
ते कधी मनापासून पटलं नाही.
आईनं पाटीवर गिरवून घेतलेलं:
आधी अक्षर, मग वरून ओढ रेघ,
दोरीवर धुणं लटकावं तसं लटकू दे,
आणि भ-पाशी मोड गं जरा,
नाहीतर म होईल.

मे महिना. पंखा बंद,
त्याची घरघर टेपवर येते म्हणून.
र संपला, आणि हात
मला न विचारता मागे गेला, डावीकडे,
आणि रेघ ओढून मोकळा झाला.
भ-पाशी मोडूनसुद्धा.

म्हणजे चूक केली, तीही शुद्धलेखनाला धरून.

कार्ड एकच उरलेलं. रेकॉर्डिंग चार वाजता.
किरीटभाईंनी मान तिरकी केली.
"सारुं लागे छे," म्हणाले, "छापरा जेवुं."
कॅमेऱ्यानं ते छप्पर आठ सेकंद धरलं,
मागे सतारीचे तीन सूर.
पुढे अमीबाच्या भागाला
त-वरून एक माशी चालत गेली,
फटीपाशी थांबली,
पाय चोळले, परत फिरली.
तो भाग तसाच दाखवला. पुन्हा दोनदा.

मग कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यासाठी एसी.
(आमच्यासाठी इतकी वर्षं नव्हता.)
अक्षरं सोन्याची झाली, जाड झाली,
गोल फिरू लागली, पाठमोरी झाली की उलटी दिसत.
रेघेवरून एक चमक धावायची
आणि फटीवरून टुणकन उडी मारायची.
दर वेळी वाटे, आता पडते.

दोन हजार चारमध्ये अहमदाबादहून एक सल्लागार आले,
चाळीस पानी फाइल घेऊन.
रेषा म्हणजे क्षितिज, म्हणाले.
तिच्यातला खंड म्हणजे ज्ञानाचं किलकिलं दार.
टाळ्या झाल्या.
किरीटभाईंच्या निवृत्तीला चार महिने होते.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी चहाच्या कपात बघितलं.

त्या फाइलीचे किती पैसे दिले
ते मला अकाउंटच्या मुलीनं सांगितलं होतं.
इथे लिहीत नाही.

पुढे आधी सावली गेली, मग सोनं.
नाव इंग्रजी झालं, मग आखूड,
मग नावाची गरजच राहिली नाही.
धुणं केव्हाच कुणी काढून नेलं,
दोरी तेवढी बांधलेली,
डाव्या टोकाला जराशी तुटलेली.
मध्ये कुण्या नव्या पोरानं ती फट बुजवली होती म्हणे,
एका बटणात.
लोकांनी पत्रं लिहिली,
काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, म्हणून.
काय ते कुणालाच सांगता येईना.
तीन आठवड्यांनी फट परत आली.

आईला मी हे कधी सांगितलं नाही.
ती म्हणाली असती, बघू, सरळ आलीय का.

"चौदा नंबर."

डॉक्टर जोशीपुरा तोंडात आरसा घालतात,
पोरगेलेसे, हात थंड.
"मासी, पुढच्या दोन दातांमधली ही फट,
ती पण भरून टाकू का, आता आलाच आहात तर?"

उत्तर द्यायचं असतं मला.
पण आ वासलेला असताना
ना भ म्हणता येत, ना म.
मी नुसती मान हलवते.
आडवी.