पेल्याचा तळ

आमच्या घरात इंग्लिश काचेचे पेले दोनच होते.
आईच्या आईने दिलेले. जड. नखाने टिचकी मारली
की चर्चच्या घंटेसारखे पुष्कळ वेळ बोलत राहायचे.
खिडकीची काच ठक् म्हणते आणि गप्प होते.
बाबा म्हणायचे, फरक तोच.
या काचेच्या पोटात शिसं आहे.

हार्लिंगनच्या धक्क्याला त्या वर्षी
इंग्लंडचं एकही जहाज लागत नव्हतं.
सम्राटाचा हुकूम: कापूस नाही, साखर नाही, काच नाही.
बाबांचं भिंग अर्धं होऊन पडलं होतं.
फुगीर अर्ध तयार, खिडकीच्याच काचेचं;
खोलगट अर्ध ज्या काचेचं हवं
ती समुद्रापलीकडे.

नुसतं फुगीर भिंग लावलं की पिसवेच्या पायाला
लाल किनार यायची, मग निळी,
जत्रेसाठी नटवलेल्या घोड्यासारखी.
मला ते आवडायचं. मी सहा वर्षांची होते.
बाबा म्हणायचे, हिस्के, हा रंग पिसवेचा नाही, आपल्या काचेचा.
आपली चूक आपण तिच्या अंगावर घालतोय.

एका सकाळी कपाटात पेला एकच होता.

आई काही म्हणाली नाही. पुढचे आठ दिवसही नाही.
बाबा तळघरात, डांबरावर चिकटवलेला पेल्याचा तळ
कुरुंदाच्या चिखलात फिरवत,
आधी भरड, मग मऊ, मग पाण्याखाली बसलेला नुसता गाळ,
डोळ्यांत तेल घालून.
वर आई भांडी घासत, गरजेपेक्षा जास्त.
एका घरात दोन घासण्यांचे आवाज.
काच घासतात ती वेगळी, काच सोसतात तो वेगळा,
शब्द मात्र एक.

नवव्या दिवशी दोन भिंगं राळेने चिकटली,
फुगीर पोट खोलगट कुशीत.
पिसवेचा पाय तपकिरी दिसला. केसाळ.
पायासारखा पाय.
मी रडले, रंग कुठे गेले म्हणून.

मग डॉक्टर फोकेमा आले.
तीस वर्षं त्यांनी वह्या भरल्या होत्या:
स्नायू, मेंदू, बेडकाची कातडी, गाजर,
सगळं मण्यांचं.
देवाने निवांत बसून ओवलेलं जग,
असं ते लाइडनपर्यंत जाऊन सांगून आले होते.

बैलाच्या मांसाचं एक तूस ठेवलं.
त्यांनी पाहिलं. मेणबत्ती सरकवायला सांगितली. पुन्हा पाहिलं.
चष्मा पुसला, जो त्यांनी मघाशीच काढून ठेवला होता.
धागे होते. धागेच धागे. मणी एकही नाही.

भिंग जुळलं आणि बिंग फुटलं,
असं शेजारचा घड्याळजी नंतर म्हणाला.
सगळे हसले, बाबा सोडून.
तो माणूस तीस वर्षं खोटं बोलला नव्हता.
काचेवर विश्वास ठेवला होता त्याने, एवढंच.

गाजर. नाही. कातडी. नाही.
अंधारात जिना उतरावा तसे ते
वहीचं एकेक पान मागे जात होते.

तेव्हा आई बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा:
दूध पाहिलंत का?

करंगळीच्या टोकावरून तिने एक थेंब ठेवला.
तिथे ते होते. गोल, स्वच्छ, बिनकिनारीचे,
शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे एकमेकांना ढकलत,
शेकड्यांनी मणी.
डॉक्टर बराच वेळ वाकून राहिले.
मान वर केली तेव्हा डोळ्याभोवती
पितळी नळीचं वर्तुळ उमटलं होतं.

दुधाच्या पानावर त्यांनी कसलीशी खूण केली.
बाकीची पानं फाडली नाहीत.
जाताना दारात थांबले, म्हणाले,
हा पेला कुणाचा होता?

माझ्या आईचा, आई म्हणाली,
आणि उरलेल्या पेल्यातून त्यांना पाणी दिलं.
नको म्हणाले, तरी दिलं.