अकरा नग

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून रविवारी रात्री मी जागतो.
खिडकीखाली शेजारच्या फाउंड्रीची भट्टी निवत असते
आणि माझ्या पडद्यावर
षटकोनी घरांत बर्फ पडत असतो.

खेळाची किंमत चार हजार नऊशे सत्तर.
सुनेत्राला मी नऊशे सत्तर सांगितली,
वरचे चार हजार गाळून.

रणधीर येऊन बघून गेला.
म्हणाला, हे काय रं मर्दा,
एक सैनिक दिसंना, एक गोळी उडंना,
नुसते ठोकळे आन् त्यांच्यावर आकडे.
माझ्या पोराच्या मोबाईलवर फुकटात
ह्याच्यापेक्षा जास्त रक्त हाय.

खोटं नव्हतं त्याचं.
नकाशात नदी मधेच संपते
आणि दोन घरं सोडून पुन्हा सुरू होते.
नियमांची वही तीनशे बारा पानांची;
पान एकशे चाळीसवर, खेचर दिवसाला किती खातं.
पहिले सहा महिने माझं सैन्य
शत्रूनं मारलंच नाही.
भाकरी पोचली नाही म्हणून मेलं.

कुठल्याशा थंड देशात दोघं भाऊ मिळून हा खेळ करतात.
घेणारे जगात हजार-दीड हजार असतील.
एकदा मी मोडक्या इंग्रजीत विचारलं,
नदी गोठलेली असताना माझ्या तोफा बुडाल्या कशा?
दोन दिवसांनी उत्तर आलं: तारीख काय होती?
मी कळवलं, चौदा मार्च.
मग बुडणारच, म्हणाले.

त्या रात्री वाटलं, पैसे वसूल.

शनिवारी जयसिंगपूरचे मगदूम आले.
जुन्या पंपाचं आवरण हवंय, कंपनी कधीच बुडाली,
नग फक्त अकरा.
मी पॅटर्नचे बावीस हजार सांगितले.
ते स्टुलावरून उठलेच.
अहो, नगामागं दोन हजार नुसत्या लाकडाचे?
म्हटलं, मगदूम, अकराला जेवढं सागवान लागतं
तेवढंच अकरा हजाराला लागतं.
रंधा नग मोजत नाही.
ते म्हणाले, बघू.

त्यांची स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली
तेव्हा मला आठवलं,
त्याच खेळाचा पुढचा भाग, हिवाळ्याचा,
दीड वर्ष मी टोपलीत टाकून ठेवलाय.
दिवाळीत निम्म्याला येईल म्हणून.
बघू म्हणून.

पण थांबा, एवढ्यात त्या भावांना माळ घालू नका.
आमच्याही गल्लीत आहेत की,
वाकडं काम करून वर हातकाम म्हणणारे.
थोड्यांना लागतं म्हणून तुटकं चालतं, असं कुठाय?
माझ्या साच्यात नदी अशी मधेच तुटली असती
तर मगदुमांनी तो साचा माझ्याच डोक्यात घातला असता.
शिवाय ते कास्टिंगवर हातोडी मारून
आवाज ऐकून पैसे देतात.
मी हातोडी कुठं मारू?

लोखंड निवताना आकसतं.
साचा मापापेक्षा मोठा करायचा, शंभराला एक,
हे वडिलांनी कान धरून शिकवलं.
किमतीत किती सोडायचं, त्याची पट्टी
त्यांच्याही पेटीत नव्हती.
ते ग्राहकाचे जोडे बघून भाव सांगत.

आज संध्याकाळी मगदुमांचा फोन आला, वीस करा.
मी एकवीसवर आलो.
एक हजार कशाचे कमी केले, ते मलाही सांगता येणार नाही.

आता पावणेदोन वाजलेत.
खेचरं तिसऱ्या टेकडीशी, दाणा उद्यापुरता.
टोपली उघडली. पुढचा भाग घेतला. पूर्ण किमतीला.
आणि लगेच त्या भावांना लिहिलं,
मोडक्याच इंग्रजीत, दोन ओळी:

पैसे दिलेत.
आता नदी जोडा.