सात फूट

मे संपायला आला की
केरीच्या सुरूंखालची वस्ती उठते
आणि हेंकची व्हॅन माझ्याकडे, पालयेला,
काजूच्या सावलीत येऊन थांबते.
पर्वरीच्या डेपोत एकतीस वर्षं मी बसगाड्या उघडल्या.
उभी गाडी सांभाळायला मात्र
ह्या माणसाने आणि त्याच्या बायकोने शिकवलं.

आधी चाकं उचलायची. चार कोपऱ्यांत चिरे,
चिऱ्यांवर फणसाच्या फळ्या.
डिझेलची टाकी काठोकाठ, रिकामी जागा पाणी धरते.
सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा, उंदरांसाठी,
आणि स्टीअरिंगला टांगलेली पाटी, 'बोळा काढ',
नाहीतर ऑक्टोबरात मीच विसरतो.
बॅटरी घरी न्यायची. ती पुरुमेंताच्या रांगेत बसते:
सुकी सुंगटं, सोलं, मिठाचा माठ, मग ती काळी जड पेटी.
प्रेमावती विचारते, हिलाही फोडणीला घालू?

पहिल्या वर्षी मी फार शहाणपणा केला.
निळी ताडपत्री, दोन पदरी, सुंभाने आवळलेली,
खिडक्यांच्या फटीसुद्धा चिकटपट्टीने बुजवल्या.
थेंब शिरणार नाही म्हणालो.
शिरला नाहीच.
चवथीनंतर दार उघडलं तर
आतून उबट, आंबूस श्वास तोंडावर आला.
गाद्यांवर हिरवी लव,
नकाशांना पांढरे केस,
आणि मारायकेच्या चपलेत अळंबी. खरीखुरी. दोन.
ती बघत राहिली, मग हसली.
रागावली असती तर बरं झालं असतं.
मला कळावं म्हणून तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला,
गाल फुगवले, डोळे मोठे केले,
आणि हळूच दोन बोटं उघडली.

तेव्हापासून ताडपत्री गाडीला टेकत नाही.
बांबूचा मांडव, त्यावर माडाची झापं, मग ताडपत्री,
बाजू मोकळ्या.
दोन खिडक्या बोटभर खाली, जाळी लावून.
आत गाद्या उभ्या, कपाटं उघडी,
कोळशाच्या सहा पुरचुंड्या,
दर पंधरा दिवसांनी चुलीजवळ वाळवून परत ठेवायच्या.
मारायकेने हे सगळं एका वहीत काढून ठेवलंय.
अक्षर कळत नाही, चित्रं कळतात.
शेवटच्या पानावर मी आहे: मोठं पोट, हातात पाना.

यंदा हेंक एकटा आला.
मी विचारलं नाही.
शेजारच्या सीटवर एक छत्री होती, दोन संत्री होती.
त्याने सगळं वहीप्रमाणे केलं,
फक्त तिच्या बाजूची खिडकी
घट्ट लावून घेतली. हँडल तीनदा दाबून पाहिलं.
टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत मी हात वर धरून उभा होतो.
मग गेलो आणि ती काच बोटभर खाली केली.
केलं ते बरं की वाईट, मला ठाऊक नाही.
सीटचं कापड जाड आहे,
बुरशी तिथूनच धरली असती.

दर अमावास्येला मी चाकं हाताने फिरवतो,
प्रत्येकी पाव फेरा,
बेअरिंगमधलं ग्रीस एकाच बाजूला बसू नये म्हणून.
नातू कडेला उभा राहून विचारतो,
आजो, ही जाते कुठे?

परवा हेंकचा फोन आला.
तिकडे ऊन आहे म्हणाला,
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.
माझं इंग्रजी डेपोतलं, त्याचंही उसनं.
म्हटलं, तिसरा पाव झाला.
दसऱ्याआधी एक फेरा पुरा होईल. सात फूट.
किती, त्याने पुन्हा विचारलं.
सात, मी म्हटलं.
पलीकडे कागद सरकला,
पेनाचा आवाज आला.